अडलेला शब्द, लवकर मावळणारा दिवस

पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. जेवणे आटोपून आई-बाबा मोबाइलसमोर बसले आहेत. पडद्यावर उत्तर फ्रान्समधल्या लील शहरातली वसतिगृहाची छोटी खोली दिसते आहे. तिथे संध्याकाळचे जेमतेम पाच वाजलेत, पण खिडकीबाहेर अंधारून आले आहे. महिना नोव्हेंबरचा.

"आई, मला गाजराची कोशिंबीर करायची होती, पण माझ्याकडे ते नाहीये गं... काय म्हणतात त्याला... राप!"

"काय नाहीये?"

"अगं ते, ज्याच्यावर आपण गाजर घासतो ते."

"किसणी?"

"हां, किसणी!"

दोघी हसतात. फोन ठेवल्यावर मात्र आईचा चेहरा उतरतो. "अडीच महिन्यांत पोरगी मराठी विसरायला लागली. आणि किती मलूल दिसत होती, पाहिलंत ना?"

हे एक प्रातिनिधिक चित्र. महाविद्यालयाच्या करारातून एका सत्रासाठी फ्रान्सला गेलेल्या अनेक मुलामुलींच्या घरी थोड्याफार फरकाने असे संवाद घडतात. सप्टेंबरमध्ये उत्साहाने फसफसणारे मूल नोव्हेंबरात थकलेले दिसू लागते. घरचे म्हणतात, आठवण येत असेल. मित्र म्हणतात, अभ्यास जड जात असेल. मुलाला स्वतःला वाटते, आपणच कमी पडतो आहोत. या तिन्हींत तथ्य असू शकते. पण थकव्याची आणखी दोन कारणे आहेत आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाहीत. एक आहे सूर्यप्रकाश आणि दुसरे भाषा. दोन्हींचा ताण थेट मेंदूवर पडतो. तो ओळखता आला तर सत्र सुसह्य होते आणि खरी मदत कधी लागते तेही वेळेवर कळते.

रोज तीन मिनिटे

पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर लील साडेपन्नास अंशांच्या थोडे वर. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत साधारण सव्वादोन तासांचा फरक असतो. लीलमध्ये हा फरक साडेआठ तासांच्या आसपास जातो. सप्टेंबरच्या सुरुवातीला विद्यार्थी तिथे उतरतो तेव्हा सूर्य रात्री साडेआठला मावळत असतो. चौकात लोक बाहेर टेबले टाकून बसलेले असतात. दिवस संपता संपत नाही. तिथून पुढे डिसेंबरच्या उत्तरार्धापर्यंत दिवस रोज सरासरी तीन मिनिटांनी आखडत जातो. 21 डिसेंबरच्या सुमारास लीलमध्ये सूर्य पावणेनऊला उगवतो आणि पावणेपाचला मावळतो. म्हणजे दिवस जेमतेम आठ तासांचा. त्याच दिवशी पुण्याला अकरा तासांच्या आसपास उजेड मिळतो.

मधेच आणखी एक धक्का बसतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीन वाजता फ्रान्समधली घड्याळे एक तास मागे घेतली जातात. भारत आणि फ्रान्स यांतला साडेतीन तासांचा फरक साडेचार तासांचा होतो. आदल्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मावळलेला सूर्य दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच मावळतो. सकाळ थोडी लवकर उजाडते खरी, पण तेव्हा विद्यार्थी झोपलेला असतो. दुपारी वर्गात गेलेला विद्यार्थी बाहेर येतो तो अंधारातच. वर उत्तर फ्रान्सचे ढगाळ आकाश. चारचार दिवस ऊन दिसत नाही.

विषुववृत्ताच्या जवळ वाढलेल्या शरीराला याची सवय नसते. आपल्याकडे उजेड मागावा लागत नाही, उलट पडदे लावून तो अडवावा लागतो.

लाजाळू आणि गुहेतला माणूस

उजेडाचा शरीराशी नेमका काय संबंध आहे, याचा शोध लागण्यात फ्रान्सचा वाटा मोठा आहे. 1729 साली झां-झाक द मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक झाड अंधाऱ्या जागी ठेवले. ऊन न दिसताही त्याची पाने दिवसा उघडत राहिली आणि रात्री मिटत राहिली. वेळेची काहीतरी जाण झाडाच्या आतच होती.

माणसाचे काय, हे 1962 मध्ये दुसऱ्या फ्रेंच माणसाने स्वतःवरच तपासले. मिशेल सिफ्र हा तेवीस वर्षांचा भूशास्त्रज्ञ आल्प्समधल्या स्कारासों या बर्फाळ गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. 14 सप्टेंबरला त्याला बाहेर काढले तेव्हा त्याच्या हिशेबाने तारीख होती 20 ऑगस्ट. तो पंचवीस दिवसांनी मागे पडला होता. गंमत अशी की तो आपल्या समजुतीने भलत्याच वेळा मोजत असला, तरी त्याच्या झोपेचे आणि जागेपणाचे चक्र बऱ्यापैकी नियमित चालले होते. ते चोवीस तासांपेक्षा थोडे मोठे होते, इतकेच.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर असते. तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशा त्या जागेत हजारो चेतापेशी असतात. झोप, शरीराचे तापमान, भूक, संप्रेरके यांच्या वेळा तिथून ठरतात. पण हे घड्याळ रोज थोडे मागे पडत असल्याने त्याला रोज जुळवून घ्यावे लागते. ते काम सकाळचा उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी असतात. त्यांचे मुख्य काम चित्र दाखवण्याचे नसून 'उजाडले' हा निरोप या घड्याळाला देण्याचे असते. निरोप पोहोचला की झोपेची चाहूल देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक ओसरते आणि दिवस सुरू होतो.

नोव्हेंबरमधल्या लीलमध्ये हा निरोप उशिरा आणि क्षीण पोहोचतो. खोलीतला दिवा पुरेसा नसतो. घरातल्या दिव्यांचा उजेड साधारण दोनतीनशे लक्स असतो, तर ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड हजारांत जातो. डोळ्यांना हा फरक तितकासा जाणवत नाही, कारण बाहुली लगेच जुळवून घेते. मेंदूतल्या घड्याळाला मात्र तो कळतो. म्हणून थंडी आहे, ऊन नाही, तर बाहेर कशाला जायचे, हा हिशेब चुकतो. पाऊस भुरभुरत असला तरी सकाळी अर्धा तास चालत वर्गाला जाणे खोलीतल्या चार दिव्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

हिवाळ्यात येणाऱ्या उदासीनतेचे वर्णन अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये केले. खूप झोप येणे, गोड आणि पिष्टमय खाण्याची ओढ लागणे, कशात मन न रमणे ही त्याची लक्षणे. त्यावर सकाळी दहा हजार लक्सच्या खास दिव्यासमोर सुमारे अर्धा तास बसण्याचा उपचार रूढ आहे. अर्थात हिवाळ्यात जरा सुस्त वाटणाऱ्या प्रत्येकाला हा आजार असतोच असे नाही आणि दिवा आणायचा तर तोही डॉक्टरांना विचारून.

उन्हाचा दुसरा हिशेब ड जीवनसत्त्वाचा. इतक्या उत्तरेला हिवाळ्यातले ऊन इतके तिरपे पडते की त्वचेत हे जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही. सावळ्या त्वचेला ते तयार करायला एरवीही जास्त ऊन लागते. जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घेणे शहाणपणाचे. मनानेच जास्त मात्रेच्या गोळ्या घेणे मात्र धोक्याचे.

कानांचा घाम

थकव्याचे दुसरे कारण वर्गात बसलेले असते. पुण्यात दोनतीन वर्षे फ्रेंच शिकून, परीक्षा उत्तीर्ण होऊन मुले जातात. पुस्तक वाचता येते, निबंध लिहिता येतो. पहिल्या दिवशी मोठ्या व्याख्यानगृहात प्राध्यापक बोलू लागतात आणि वाटते, ही आपण शिकलेली भाषाच नव्हे.

याला कारणे आहेत. कानाला शब्दांमधली मोकळी जागा ऐकू येत नसते. ती मेंदूच भरतो. फ्रेंचमध्ये तर एका शब्दाचे मूक अक्षर पुढच्या शब्दाला जोडून उच्चारले जाते. 'ले' आणि 'आमी' हे दोन शब्द मिळून 'लेझामी' होतात, म्हणजे 'मित्रमंडळी'. नवखा कान 'झामी' शोधत बसतो आणि तोवर वाक्य पुढे निघून गेलेले असते.

त्यात काही स्वर मराठीत नाहीतच. फ्रेंचमध्ये रस्त्याला आणि चाकाला जे शब्द आहेत, ते दोन्ही देवनागरीत लिहायचे तर 'रू' असेच लिहावे लागतील. फ्रेंच माणसाला मात्र ते 'काळ' आणि 'खाळ' इतके वेगळे ऐकू येतात. रस्त्याचा 'रू' म्हणताना ओठांचा चंबू 'ऊ'सारखा ठेवून जीभ 'ई'च्या जागी न्यावी लागते. तान्ह्या बाळाला जगातल्या कोणत्याही भाषेतले असे फरक ओळखता येतात. वर्ष पूर्ण होत येते तसा त्याचा कान घरातल्या भाषेला सरावतो आणि इतर भाषांतले बारकावे धूसर होतात. विसाव्या वर्षी ते पुन्हा शिकता येतात, पण त्याला श्रम पडतात.

आपली भाषा ऐकताना मेंदू फारसे काही खर्च करत नाही. परकी भाषा ऐकताना आवाज ओळखणे, शब्द तोडणे, अर्थ लावणे, मागचे लक्षात ठेवून पुढचे ऐकणे हे सगळे जाणीवपूर्वक करावे लागते. भोवती गोंगाट असेल तर हे काम आणखी वाढते. म्हणून दुपारच्या जेवणाच्या रांगेतले, ताटल्यांच्या खणखणाटातले साधे संभाषण व्याख्यानापेक्षाही अवघड वाटते. संध्याकाळी डोके जड होते आणि कोणाशीच बोलू नये असे वाटते. हा माणूसघाणेपणा नाही. दिवसभर ओझी वाहिल्यावर हात दुखावेत, तसेच हे आहे.

यावर काही साधे उपाय आहेत. पुढच्या बाकावर बसावे, म्हणजे बोलणाऱ्याचे ओठ दिसतात आणि ऐकणे सोपे होते. विषय आदल्या रात्री वाचून जावा. दिवसातून एकदोनदा वीस मिनिटे कोणतीही भाषा कानावर पडू देऊ नये. आणि झोप मोडू नये. दिवसा ऐकलेले नवे शब्द पक्के होण्यात रात्रीच्या गाढ झोपेचा मोठा वाटा असतो. लीलमध्ये रात्रीचा एक वाजतो तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. घरी कोणीतरी उठलेले असते, फोनची ओढ लागते. त्या फोनपायी शब्दही जातात आणि दुसऱ्या दिवशीची सकाळही.

किसणी कुठे गेली?

आता आईच्या काळजीकडे. मुलगी खरेच मराठी विसरू लागली आहे का?

2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकी संशोधकांनी स्पेनमध्ये एक सत्र शिकणाऱ्या इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांची तुलना मायदेशी वर्गात बसून स्पॅनिश शिकणाऱ्यांशी केली. ठरावीक वेळात एखाद्या गटातले, समजा प्राण्यांचे किंवा फळांचे, जितके शब्द आठवतील तितके सांगायचे होते. स्पेनमधल्या विद्यार्थ्यांनी स्पॅनिश शब्द जास्त सांगितले, हे अपेक्षितच होते. पण त्यांना इंग्रजी, म्हणजे स्वतःच्या मातृभाषेतले शब्द मात्र कमी सुचले.

संशोधकांनी लावलेला अर्थ असा. दोन भाषा जाणणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही भाषा एकाच वेळी जाग्या असतात. एक बोलायची तर दुसरीला दाबून ठेवावे लागते. मातृभाषा बलवान असल्याने तिला दाबण्यासाठी जोरही जास्त लावावा लागतो. दिवसभर फ्रेंचच्या वातावरणात राहणारी मुलगी दिवसभर मराठीवर हात ठेवून असते. संध्याकाळी आईशी बोलताना तो हात लगेच उचलला जात नाही. 'किसणी' पुसली गेलेली नसते, ती दाराआड असते. आईने शब्द उच्चारताच ती चटकन बाहेर आली, यातच ते दिसते. आणि 'राप' तोंडात का आले? फ्रेंच कँटीनमध्ये गाजराचा कीस लिंबू-तेल घालून सारखा मिळतो. त्याच्या नावातच किसण्याचा शब्द आहे. रोज ऐकलेला शब्द पुढे धावला.

म्हणजे आईला जे विसरणे वाटले, ते प्रत्यक्षात नवी भाषा रुजत असल्याचे लक्षण होते.

हे रुजणे मेंदूच्या चित्रांतही दिसले आहे. स्वीडनमधल्या लष्करी दुभाषांच्या प्रशालेत तरुण भरती झाल्यावर अतिशय वेगाने परकी भाषा शिकतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा तरुणांच्या मेंदूची चित्रे सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी घेतली गेली. स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचा आकार आणि भाषेशी निगडित काही भागांची जाडी वाढलेली आढळली. तितकाच कसून, पण इतर विषयांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांत तसा बदल दिसला नाही. अभ्यास छोटा होता, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण तीन महिने, म्हणजे साधारण एक सत्र, एवढा काळ मेंदूला बदलायला पुरतो, हे त्यातून दिसते.

थकवा कुठवर, आजार कुठून

इथे सावध राहायला हवे. 'होईल सवय' म्हणून सगळेच सोडून देता येत नाही. थकवा असूनही मूल वर्गाला जाते, जेवते, हसते, रविवारी कुठे भटकून येते, तोवर काळजीचे कारण नाही. पण सलग दोन आठवडे जवळपास रोज मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, झोप किंवा भूक बिघडली असेल, वर्ग बुडू लागले असतील, फोन टाळले जात असतील, तर तज्ज्ञाला भेटायला हवे. जगण्यात अर्थ नाही, असे एकदा जरी बोलून दाखवले तरी त्याच दिवशी.

फ्रान्समध्ये याची सोय आहे आणि ती परदेशी विद्यार्थ्यांसाठीही खुली आहे. विद्यापीठांत विद्यार्थी आरोग्य सेवा केंद्रे असतात. विद्यार्थ्यांना मानसोपचाराची काही सत्रे विनामूल्य देणारी सरकारी योजनाही आहे. त्यासाठी आधी डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. आत्महत्येचे विचार येत असतील तर 3114 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो. वैद्यकीय आणीबाणीत 15 किंवा 112. हे क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आणि घरच्या फ्रीजवर, दोन्हीकडे असावेत. भारतीय विद्यार्थ्याला तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात विनामूल्य नाव नोंदवता येते, पण कागदपत्रे पूर्ण व्हायला वेळ लागतो. त्यामुळे पोहोचल्या आठवड्यातच अर्ज करावा आणि तोवरचा प्रवासविमा जवळ ठेवावा.

काही बारीक गोष्टी. प्रतिजैविके तिथे सहसा चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. पॅरासिटामॉल चिठ्ठीशिवाय मिळते, पण हिरव्या क्रॉसची पाटी असलेल्या औषधाच्या दुकानातच आणि काउंटरवर मागून. नेहमीची औषधे चालू असतील तर चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असावे, कारण इथली व्यापारी नावे तिथे कोणाला कळत नाहीत. ताप तिथे सेल्सिअसमध्ये मोजतात. मुलीने "साडेअडतीस आहे" म्हटले की घरच्यांनी एकशे एकच्या थोडा वर समजावा.

घरच्यांचा वाटा

घरून होणारी मदत मोठी असते. फोनची वेळ ठरलेली असावी आणि ती मुलाच्या झोपेच्या आड येऊ नये. लीलमध्ये संध्याकाळचे पाच ही वेळ चांगली. बाहेर अंधार झालेला असतो, वर्ग संपलेले असतात आणि एकटेपणा जाणवू लागण्याची वेळही तीच. शब्द अडला तर थट्टा न करता तो सहज पुरवावा. "जेवलीस का?" याच्या जोडीला "आज सकाळी बाहेर पडलीस का?" हेही विचारावे. आणि "एवढे पैसे घालून पाठवलंय" हे वाक्य गिळून टाकावे. थकलेल्या मुलाला ते वाक्य आणखी गप्प करते.

सत्र संपते. जानेवारीत मुलगी पुण्याला परतते. पश्चिमेकडे जाताना तीनचार दिवसांत जुळलेले शरीर पूर्वेकडे येताना जास्त कुरकुरते. आतले घड्याळ मुळातच थोडे मागे पडणारे, त्याला पुढे ओढणे कठीण. आठवडाभर तिला रात्री दोनपर्यंत झोप येत नाही आणि सकाळी दहापर्यंत उठवत नाही. आईने तिला हाका मारण्याऐवजी खिडकीचा पडदा सारावा. गच्चीत ऊन खात चहा घेतला तर आणखी बरे.

मराठीला मात्र वेळ लागत नाही. दोन दिवसांत ती स्वयंपाकघरात उभी राहून काही न आठवता म्हणते, "आई, किसणी दे गं." आणि त्याच संध्याकाळी लक्ष्मी रोडच्या गर्दीत कोणाचा धक्का लागतो, तेव्हा तिच्या तोंडून आपसूक निघते, "पार्दों!"

आई वळून बघते. या वेळी तिचा चेहरा उतरत नाही.